माझदा एमएक्स-५ ला नवी चाकं: ऑफसेटच्या हिशेबापासून दोरीच्या अलाइनमेंटपर्यंत

महाराष्ट्रात माझदा म्हटलं की अजूनही स्वराज माझदाची मिनीबस किंवा टेम्पो डोळ्यांसमोर येतो. त्याच माझदाची एमएक्स-५ ही दोन सीटची, मागच्या चाकांना ताकद देणारी, उघड्या छताची स्पोर्ट्स कार १९८९ पासून जगभर विकली जातेय. भारतात ती अधिकृतपणे कधी आली नाही; पण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथे राहणाऱ्या गाडीवेड्या माणसाला जुनी एमएक्स-५ परवडते आणि घरच्या गॅरेजमध्ये तिच्यावर काम करता येतं. खालची माहिती पहिल्या दोन पिढ्यांची आहे: एनए (१९८९ ते १९९७) आणि एनबी (१९९८ ते २००५). पद्धत कुठल्याही गाडीला लागू पडते, आकडे मात्र त्या त्या गाडीचे घ्यायचे.

या गाडीचं वैशिष्ट्य म्हणजे चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक वर आणि खाली अशा दोन आर्मवर धरलेलं) आणि चारही चाकांचा कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा झुकाव; वरची बाजू आत म्हणजे ऋण) व टो (वरून बघताना चाकांची तोंडं आत की बाहेर) कारखान्यातूनच बदलता येण्याजोगा. पुढच्या चाकांचा कॅस्टरही (बाजूने बघताना चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) बदलता येतो. म्हणून नवी चाकं बसवून पुढचा टो तेवढा बघितला आणि काम संपलं, असं इथे होत नाही. चाक आणि अलाइनमेंट हे एकच काम धरा, आणि पैसे व वेळ दोन्हींचा हिशेब तसाच करा.

खरेदीआधी जुळवायचे आकडे

एनए आणि एनबीचा बोल्ट पॅटर्न ४×१००, म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार स्टड. स्टड एम१२×१.५. हबवरची (चाक ज्याला बसतं त्या भागावरची) मधली कड ५४.१ मिमी. तिसऱ्या पिढीचा (एनसी) पॅटर्न ५×११४.३ आणि मधला छेद ६७.१ आहे, त्यामुळे ‘एमएक्स-५ ची चाकं’ एवढीच जाहिरात वाचून पैसे देऊ नका. चौथ्या पिढीत पुन्हा ४×१०० आणि ५४.१ आलं, पण रुंदी आणि ऑफसेट तपासूनच घ्या.

मधल्या छेदाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही आणि त्रास तिथेच सुरू होतो. बाजारातली बरीच चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून ७३.१ मिमी छेदाची बनवतात. हब ५४.१ चा. मग चाक मध्यावर आणण्याचं सगळं काम चार नटांच्या शंकूवर पडतं. नट काळजीपूर्वक आवळले तर ते जमतंही, पण एमएक्स-५ जेमतेम एक टनाची. चाक मध्यावर बसण्यात अर्ध्या मिलिमीटरची गफलतही ९० ते ११० किमी वेगाला स्टिअरिंगमध्ये थरथर म्हणून जाणवते. ७३.१ बाहेर आणि ५४.१ आत अशा चार हब रिंग चाकांसोबतच मागवा. रोजच्या वापराला प्लॅस्टिकच्या चालतात. ट्रॅकवर जाणार असाल तर ॲल्युमिनियमच्या घ्या, कारण ब्रेकच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडतं.

आता ऑफसेट. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी पाठ यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. ईटी ४५ म्हणजे पाठ मध्यापासून ४५ मिमी बाहेरच्या अंगाला. एनएचं मूळ चाक १४×५.५ (व्यास × रुंदी, इंचांत), ईटी ४५. नवं चाक समजा १५×७, ईटी ३५. हिशेब असा:

मूळ चाकाची निम्मी रुंदी ६९.९ मिमी. हबच्या पाठीपासून बाहेर ६९.९ − ४५ = २४.९, आत ६९.९ + ४५ = ११४.९.
नव्या चाकाची निम्मी रुंदी ८८.९. बाहेर ८८.९ − ३५ = ५३.९, आत ८८.९ + ३५ = १२३.९.

म्हणजे चाक बाहेर २९ मिमी सरकलं आणि आत ९ मिमी. हीच आकडेमोड १५×८, ईटी ३६ ला केली तर बाहेर ४१ आणि आत २३ मिमी येते. बाहेरच्या आकड्यावरून मडगार्डची कड घासेल का ते कळतं, आतल्या आकड्यावरून अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी आडवी सळई) आणि आतलं अस्तर घासेल का ते. ‘ईटी कमी म्हणजे चाक बाहेर’ एवढं सूत्र पुरेसं नाही, कारण रुंदी दोन्हीकडे वाढते. खरेदीआधी कागद-पेन्सिल घेऊन या दोन बेरजा कराच.

आमचं स्पष्ट मत: उंची मूळची किंवा दोन-तीन सेंटीमीटर खाली, मडगार्ड न ठोकता, रोजच्या वापराची गाडी असेल तर १५×७, ईटी ३५ ते ४० आणि १९५/५० आर १५ टायर (१९५ मिमी रुंद, भिंत रुंदीच्या ५० टक्के, रिम १५ इंची). १६ आणि १७ इंची चाकं उभ्या गाडीला शोभतात, पण वजन वाढतं, टायरची भिंत आखूड होते आणि या गाडीचा हलकेपणा निघून जातो.

टायरचा व्यासही मूळच्या जवळ हवा. मूळ १८५/६० आर १४ चा व्यास सुमारे ५७८ मिमी. १९५/५० आर १५ चा ५७६, म्हणजे जवळजवळ तोच. २०५/५० आर १५ चा ५८६, म्हणजे दीड टक्का मोठा. स्पीडोमीटर तितकाच कमी दाखवेल. १९५/५५ आर १५ तीन टक्क्यांनी मोठा, तो टाळा. १९५/५० हा टायर ५.५ ते ७ इंच रुंद रिमसाठी असतो आणि २०५/५० साडेसात इंचांपर्यंत. आठ इंची रिमवर तो ताणून बसवलेले दिसतात, पण रिमची कड उघडी पडते आणि खड्ड्यात पहिला फटका तिलाच बसतो. आठ इंची रिम घेणार असाल तर २२५/४५ आर १५ घ्या आणि मडगार्डच्या कडेचं काम गृहीत धरा.

ब्रेकची जागाही बघायची. सुरुवातीच्या १.६ लिटर एनएला पुढे २३५ मिमीची डिस्क होती, १.८ ला २५५ मिमीची, आणि एनबीच्या स्पोर्ट ब्रेकना २७० मिमीची. २७० वर १४ इंची चाक चढत नाही. १५ इंची चढतं, पण चाकाची दांडी आणि कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) यांत किमान ३ मिमी आणि रिमचा आतला गोल भाग व कॅलिपर यांत ५ मिमी मोकळं राहायला हवं. चिकटवायची बॅलन्सिंगची वजनं या ५ मिमीत येतात. कॅलिपरला लागून ती उडतात आणि मग ‘काल बॅलन्सिंग केलं, आज परत थरथर’ अशी तक्रार येते.

वापरलेली चाकं घेताना दांड्यांच्या मागच्या बाजूचे शिक्के वाचा. जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही जपानी मानकांची चिन्हं आहेत. ती कोरीव आणि स्वच्छ हवीत. चिन्हंही नाहीत आणि मापही कोरलेलं नाही, असं चाक फुकट मिळालं तरी नको. आतल्या कडेला बोट फिरवून चीर आणि वेल्डिंगच्या खुणा शोधा, आणि बॅलन्सिंग मशीनवर टायर न चढवता एकदा फिरवून बघा. टायरही जुने असतील तर भिंतीवरचा चार आकडी कोड बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

नट

चाकाच्या छिद्राचा आकार आणि नटाचा आकार एकच हवा. आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या कंपन्यांच्या चाकांना बहुतेक वेळा ६० अंशांचा शंकू लागतो. काही गाड्यांच्या मूळ चाकांना गोल बैठकीचे किंवा वॉशरवाले नट असतात. ते शंकूच्या छिद्रात बसवले तर नट फक्त एका बारीक रेघेवर टेकतो, आवळल्यावर घट्ट वाटतो आणि शंभर किलोमीटरांत सैल होतो. चाकांची छिद्रं अरुंद असतील तर मूळचा २१ मिमी पान्याचा नट आत जाणार नाही. १९ किंवा १७ मिमीचे सडपातळ नट घ्या. खाचांचे नट आणि त्यांची खास चावी घेतली असेल तर ती चावी कायम डिकीत ठेवा. रस्त्यात पंक्चर झालं आणि चावी घरी राहिली तर तुमची चाकं तुम्हालाच काढता येणार नाहीत.

आटे किती पकडले ते मोजा. नियम सोपा आहे: स्टडच्या व्यासाएवढी पकड हवी, म्हणजे १२ मिमी. १.५ च्या आट्यांवर ते आठ पूर्ण फेरे होतात. नट हाताने घालून फेरे मोजा. चाकामागे ५ मिमीची चकती, म्हणजे स्पेसर घातला असेल तर हे फेरे कमी पडतात, शिवाय हबची मधली कड स्पेसरमध्येच संपते आणि हब रिंगला टेकायला काही उरत नाही. स्पेसर लागतोय याचा अर्थ ऑफसेट चुकलाय. लांब स्टड बसवून तो निभावता येतो, पण योग्य ऑफसेटचं चाक हाच त्यावरचा खरा उपाय.

बसवणं

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये. नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा. जॅक पुढे मधल्या क्रॉसमेंबरखाली, मागे डिफरन्शियलच्या खाली. स्टँड बाजूच्या पट्टीवरच्या दोन खाचांच्या मधल्या जाड भागाखाली. जुन्या एनएची ही पट्टी बऱ्याचदा आधीच्या कुणीतरी जॅक लावून मुडपलेली असते आणि आतून गंजलेली असते. बोटाने दाबल्यावर पापुद्रे पडत असतील तर स्टँड तिथे लावू नका, सबफ्रेमखाली लावा. नुसत्या जॅकवर कधीच काम नाही.

चाक काढलं की हबची पाठ तारेच्या ब्रशने लख्ख करा. कामाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग हाच. हबवर एका बाजूला ०.२ मिमी गंजाचा थर राहिला तर तोच तिरकेपणा रिमच्या कडेला तिपटीने दिसतो, आणि मग बॅलन्सिंग कितीही केलं तरी चाक डुलतं. डिस्क पकडायला स्क्रू किंवा पत्र्याची चकती लावलेली असेल तर ती पाठीच्या वर येत नाही ना, ते बघा. पुढच्या हबवर बेअरिंगची टोपी बाहेर आलेली असते. नव्या चाकाची मधली झाकणी तिला लागते का, हे चाक रिकामं लावून तपासा. स्वच्छ पाठीवर अँटी-सीझचा (गंजून चिकटू न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात चालेल. स्टडच्या आट्यांना मात्र ग्रीस, तेल, काही नाही. टॉर्कचे आकडे कोरड्या आट्यांसाठी असतात. तेल लावलं तर त्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो.

हब रिंग चाकात दाबून बसवा, चाक हबवर चढवा, हाताने ढकलून मध्यावर बसल्याची खात्री करा. नट बोटांनी घाला. पहिले चार-पाच फेरे पान्याविना सहज गेले पाहिजेत. अडकला तर परत काढा, आटा वाकडा चढतोय. मग समोरासमोर, म्हणजे एक, त्याच्या समोरचा, मग उरलेले दोन, असे आवळत जा. चाक हवेत असताना आधी हलकं, मग साधारण ४० न्यूटन-मीटर. प्रत्येक फेरीत चाक थोडं फिरवा म्हणजे शंकू आपापली जागा घेतात. शेवटी टायर जमिनीला टेकवून टॉर्क रेंचने १०० न्यूटन-मीटर. माझदाची मर्यादा ८८ ते ११८ आहे. हवेच्या गनने शेवटचं आवळणं करू देऊ नका. टायरवाल्याने केलं असेल तर घरी येऊन सैल करून पुन्हा रेंचने लावा.

नव्या चाकांच्या छिद्रांत रंग असतो. तो पहिल्या काही किलोमीटरांत दबतो आणि पकड कमी होते. म्हणून ८० ते १०० किमीनंतर, चाकं थंड असताना, टॉर्क परत तपासा. एखादा नट पाव फेऱ्याहून जास्त फिरला तर तो काढून शंकू आणि छिद्र दोन्ही बघा.

हवा: मूळच्या टायरला गाडीवरच्या पट्टीत २६ पीएसआय लिहिलेलं असतं. १९५/५० ला थंड असताना २६ ते २८ पासून सुरुवात करा. सवयीने ३२-३३ भरली तर ही हलकी गाडी उसळत चालते आणि ओल्या रस्त्यावर मागून सुटते.

घासतंय का

उभ्या गाडीत हात घालून ‘बोटभर जागा आहे’ म्हणणं फसवं असतं. चाक वर येताना आत झुकतं, वळताना पुढे-मागे जातं. आधी जागेवर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा आणि पुढच्या टायरची आतली बाजू अँटी-रोल बारपासून, मागचा खांदा मडगार्डच्या आतल्या अस्तरापासून किती लांब आहे ते टॉर्चने बघा. मग मुलांच्या खेळण्यातल्या मातीच्या पातळ वळ्या करून मडगार्डच्या आतल्या कडेला, घड्याळाच्या दहा, बारा आणि दोनच्या जागी चिकटवा. शेजारच्या सीटवर माणूस बसवून, स्पीडब्रेकर आणि वळणं असलेल्या रस्त्यावर एक फेरी मारा. परत आल्यावर वळी किती चेपली ते मोजलं की उरलेली जागा मिलिमीटरमध्ये हातात येते. ३ मिमीपेक्षा कमी उरली तर पुढचं पाऊल उचला.

पहिलं पाऊल मागचा कॅम्बर: अर्धा अंश ऋण कॅम्बर वाढवला तर टायरची वरची कड चाकाच्या मध्याच्या मानाने अडीच मिमीच्या आसपास आत जाते. बरेचदा तेवढंच पुरतं. मडगार्डची कड आत वळवणं हा शेवटचा उपाय. ती करायचीच असेल तर हीट गनने रंग हाताला चांगला गरम लागेपर्यंत तापवून, थोडी थोडी, तीन-चार फेऱ्यांत वळवा. थंड रंगाला तडा जातो. आणि जुन्या एमएक्स-५ चं मागचं मडगार्ड व त्यापुढची सिल ही गंजाची ठरलेली जागा आहे. तिथे आधीच फुगे आले असतील तर कड वळवू नका. आतला थर फुटला की पाणी थेट जोडात जाईल.

अलाइनमेंट: आधी काय तपासायचं

ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात संपते. चाक हवेत उचलून घड्याळाच्या बारा-सहा वर धरून हलवा: खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. नऊ-तीन वर धरून हलवा: टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाकाला येणाऱ्या दांडीचं टोक). बुशांमध्ये (आर्मच्या टोकांच्या रबरी सांध्यांत) पहार हलकी घालून बघा, रबर फाटलंय का.

मग कॅम बोल्ट. खालच्या आर्मच्या आतल्या टोकांना एकूण आठ, पुढे चार आणि मागे चार. बोल्टच्या डोक्यामागे मध्य सोडून बसवलेली चकती, म्हणजे कॅम असतो. तो फिरवला की आर्म आत-बाहेर सरकतो. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत, विशेषतः ब्रिटनसारख्या मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीत, हे बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून एकजीव झालेले असतात. नट सुटतो, बोल्ट फिरत नाही. जोर लावला तर बोल्टसोबत नळी फिरते आणि रबर फाटतं. दोन-तीन दिवस आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल दोन्ही टोकांना मारा, मग छोट्या हालचालीने, मागे-पुढे, पान्याने प्रयत्न करा. नाही सुटला तर करवतीने बुशच्या दोन्ही बाजूंना कापून काढावा लागतो आणि नवा बोल्ट, नवी चकती, बहुधा नवा बुशही लागतो. अलाइनमेंटच्या दुकानात गाडी नेण्याआधी घरीच हे आठही बोल्ट फिरतात का, हे तपासा. बोल्ट फिरला नाही तर बरीच दुकानं पुढचा टो जुळवून पैसे घेतात आणि गाडी परत देतात.

घरी मोजणं

दुकानातलं चार चाकांचं मशीन उत्तमच. पण दोरी, पट्टी आणि ओळंबा यांनी मिळणारी अचूकता रोजच्या गाडीला पुरेशी असते, आणि दुकानाने काय केलं ते तपासताही येतं.

जमीन सपाट हवी. गवंड्यांची पारदर्शक लेव्हल नळी घ्या, पाणी भरा, चारही चाकांच्या जागांची पातळी एकमेकींशी ताडून बघा आणि खालच्या बाजूला फरशीचे पातळ तुकडे घाला. प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत फरश्या, मध्ये ग्रीस: चाक आडवं सरकायला मोकळं राहतं. हे नसेल तर कॅम फिरवल्यावर टायर जमिनीला चिकटून राहतो आणि आकडा खोटा येतो. टाकी अर्धी, हवा बरोबर, चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाची वाळूची पोती. स्टिअरिंग सरळ करून दोरीने सीटला बांधा.

दोन सरळ पाइप घ्या, प्रत्येकावर सारख्याच अंतरावर, साधारण १८०० मिमीवर, खाचा करा. एक गाडीच्या पुढे, एक मागे, चाकाच्या मध्याच्या उंचीला स्टँडवर ठेवा आणि खाचांतून दोन बाजूंना तंगूस ताणून बांधा. खाचांचं अंतर सारखं असल्याने दोन्ही तंगूस आपोआप समांतर येतात. आता पाइप सरकवून पुढच्या डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यापासून तंगुसाचं अंतर सारखं करा, मग मागच्यांचं. इथे गोंधळ होतो: मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) पुढच्यापेक्षा सुमारे २० मिमी रुंद आहे, म्हणून मागचं अंतर पुढच्यापेक्षा प्रत्येक बाजूला १० मिमीच्या आसपास कमी यायलाच हवं. पुढचं-मागचं सारखं करायला गेलात तर काहीच जुळणार नाही. जुळवायचं ते डावं-उजवं.

टो मोजायला स्टीलच्या पट्टीने तंगुसापासून रिमच्या पुढच्या कडेचं आणि मागच्या कडेचं अंतर घ्या, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. पुढचं अंतर जास्त म्हणजे टो-इन. १५ इंची रिमच्या कडेवर १ मिमी म्हणजे साधारण ०.१४ अंश, आठ मिनिटं. कुणी ‘टो २ मिमी ठेव’ म्हणालं तर कुठे मोजलेलं ते विचारा. ६०० मिमी लांबीच्या पट्टीवर मोजलेले २ मिमी आणि रिमवरचे २ मिमी हे वेगळे कोन आहेत.

कॅम्बरला मडगार्डच्या कडेवरून टायरला न टेकेल असा ओळंबा सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. वरची कड ७ मिमी जास्त आत असेल तर ऋण १ अंश, ११ मिमी असेल तर ऋण दीड अंश. डिजिटल अँगल गेज असेल तर रिमच्या दोन कडांना टेकणाऱ्या सरळ पट्टीवर ते लावा. कॅस्टरसाठी चाक २० अंश एका बाजूला वळवून कॅम्बर वाचा, मग २० अंश दुसऱ्या बाजूला. दोन वाचनांतला फरक गुणिले दीड म्हणजे कॅस्टर.

जुळवणं: मागून सुरुवात

मागची चाकं गाडीची दिशा ठरवतात. ती तिरकी असतील तर पुढे कितीही नीट केलं तरी स्टिअरिंग वाकडं धरूनच सरळ जावं लागेल. म्हणून आधी मागे. रस्त्यासाठी आमचे आकडे:

मागे कॅम्बर ऋण १.५ अंश, टो-इन प्रत्येक चाकाला रिमवर १ ते १.५ मिमी.
पुढे कॅम्बर ऋण १ अंश, कॅस्टर साडेचार ते पाच, टो शून्य ते प्रत्येकी अर्धा मिमी इन.

डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये ०.३ अंशापेक्षा जास्त फरक नको. मागे टो-आउट कधीच नको. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग झटक्यात बाहेर येतो, आणि या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) एवढा आखूड की सावरायला वेळ मिळत नाही.

फिरवण्याआधी प्रत्येक कॅमची जागा मार्करने खूण करा. नट फक्त बोल्ट फिरेल इतकाच सैल. मागच्या आर्मचे दोन्ही कॅम बाहेर सरकवले की चाकाचा तळ बाहेर जातो, ऋण कॅम्बर वाढतो. पुढचा कॅम आत आणि मागचा बाहेर केला की टो-इन वाढतो. पुढच्या आर्मलाही दोन्ही बाहेर म्हणजे ऋण कॅम्बर. पण पुढचा आत आणि मागचा बाहेर केला तर बॉल जॉइंट पुढे सरकतो आणि कॅस्टर वाढतो. एका वेळी एकच खूण फिरवा, गाडी एक-दोन हात पुढे-मागे ढकलून बसू द्या, परत मोजा. नट आवळताना बोल्टचं डोकं पान्याने धरून ठेवा, नाहीतर सेटिंग हलतं. आवळल्यानंतरचं मोजमाप तेच खरं. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना, वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कला. चाकं लटकत असताना बुश आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पीळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.

पुढचा टो सगळ्यांत शेवटी, कारण कॅम्बर-कॅस्टर हलले की तो बदलतोच. टाय रॉडची लॉक नट सैल करा, रबरी बूटची क्लिप सोडवा म्हणजे बूट पीळ खाणार नाही, आणि दोन्ही बाजू सारख्याच फिरवा. एकाच बाजूने सगळा टो काढला तर स्टिअरिंग वाकडं राहतं. ते काढून सरळ बसवणं हा उपाय नाही.

चालवून बघताना

सपाट, रिकाम्या रस्त्यावर हात हलके ठेवा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी पुढचे दोन टायर डावे-उजवे बदला (दिशेची खूण असलेले टायर सोडून). ओढ उलट झाली तर दोष टायरचा, अलाइनमेंटचा नाही. तशीच राहिली तर कोन बघा: कॅम्बर जिकडे कमी ऋण आहे तिकडे गाडी ओढते, आणि कॅस्टर जिकडे कमी आहे तिकडे. फक्त ब्रेक लावल्यावर ओढत असेल तर कॅलिपर तपासा. ठराविक वेगालाच थरथर येऊन पुढे जात असेल तर बॅलन्सिंग किंवा हब रिंग. हळू वेगातही स्टिअरिंग डुलत असेल तर रिम वाकलाय किंवा हबवर घाण राहिलीय.

दुकानात करून घेतलं असेल तर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील कागद मागा. थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला मध्यरेषेपासून किती तिरकं ढकलतात तो कोन) शून्याजवळ आहे का आणि मागच्या चारही आकड्यांत काही बदल झालाय का, हे आधी वाचा. मागचं सगळं जसंच्या तसं आणि फक्त पुढचा टो हिरवा दिसत असेल तर काम अर्धंच झालंय.

रुंद चाकं घातल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा; ब्रिटनमध्ये न कळवलेल्या बदलावरून दावा अडू शकतो. जर्मनीत चाकासोबत टीयूव्हीची (तिथल्या वाहन तपासणी संस्थेची) कागदपत्रं असल्याशिवाय घेऊच नका.

साधारण १००० किमीनंतर हात टायरच्या नक्षीवरून आडवा, आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. आतून बाहेर नेताना गुळगुळीत आणि बाहेरून आत आणताना करवतीसारखं खरखरीत लागलं, किंवा त्याच्या उलट, तर टो चुकलाय. कड न लागता फक्त आतला खांदा झिजत असेल तर कॅम्बर तुमच्या चालवण्याच्या मानाने जास्त आहे. मागे पाव अंश कमी करा, टो परत मोजा आणि कॅमवर नवी खूण करून ठेवा.